बैलाचे दात आणि मोटारीचे इंजिन

टेंभुर्णीला पुणे–सोलापूर महामार्गावर उभे राहिले की नाना तऱ्हेच्या मोटारी दिसतात. समजा, त्यांतल्या एका लहान आणि एका दुप्पट ताकदीच्या मोटारीची शर्यत लावली. निकाल आधीच ठरलेला! मग चालकाचे कसब कसे कळणार?

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. बैलगाडा शर्यतीत दातांवरून गट पाडण्याची पद्धत आहे. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. खालच्या जबड्यातील पुढच्या आठ दातांपैकी कायमची पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, चौथी साडेचार-पाच वर्षांनी. दात काही पळत नाहीत. पण ते वय सांगतात आणि वयावरून ताकदीचा अंदाज येतो. शिवाय ते कोणालाही तपासता येतात. चांगल्या निकषाची ही दोन लक्षणे.

ऑटोक्रॉस ही हौशी चालकांची शर्यत. मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. बहुधा एका वेळी एकच मोटार धावते. स्पर्धा घड्याळाशी असते. येथे गट पाडण्याचा सोपा निकष म्हणजे इंजिनाची क्षमता. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणून सिलिंडरांत जितकी हवा मावेल, तितकेच इंधन जळेल.

वर्गात हे गणित करून पाहा. मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर, व्यास ६.८५ सें.मी. आणि दट्ट्याची धाव ७.२ सें.मी. वृत्तचितीच्या सूत्राने एकाचे घनफळ २६५.३, तिन्हींचे ७९६ घन सें.मी. कागदपत्रांत लिहिलेले ‘७९६ सीसी’ ते हेच!

पण टर्बो बसवला की हवा दाबून भरली जाते आणि निकष फसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणतात. १००० सीसीची अशी मोटार १७०० सीसीची धरली जाते.

तरीही वजन, चाके, टायर यांचा फरक उरतोच. अमेरिकेतील ऑटोक्रॉसमध्ये वेगवेगळ्या गटांची तुलना करण्यासाठी प्रत्येक गटाला गुणांक देतात. समजा, संथ गटाचा गुणांक ०.८० आणि वेगवान गटाचा ०.९२ आहे. पहिल्या मोटारीला ६० सेकंद लागले, दुसरीला ५४. गुणाकार केल्यावर ४८ आणि ४९.६८. म्हणजे संथ मोटारीचा चालक सरस!

अडचण राहते ती सीमारेषेची. मर्यादा १४०० सीसी असेल, तर १४०१ ची मोटार वरच्या गटात जाऊन शेवटची ठरते. शालेय क्रीडास्पर्धांतील १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत हेच घडते. ठरावीक तारखेच्या एक दिवस आधी जन्मलेल्या मुलाला जवळजवळ दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांशीही झुंजावे लागते. कबड्डीचा संघ निवडताना मागे पडलेल्या मुलांच्या जन्मतारखा एकदा पाहाव्यात. उणीव कसबाची आहे की गटाची, हे तेव्हाच कळेल.