अक्षर न वाकवता

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कलास्पर्धेत संगणकावरच्या अक्षरचित्रांचा विभाग होता आणि परीक्षक म्हणून मला बोलावले होते. पहिले बक्षीस मी एका म्हातारीच्या चेहऱ्याला दिले. कागदभर बारीक अक्षरे, चार पावले मागे सरकले की सुरकुत्यांसकट चेहरा. निकालानंतर एका विद्यार्थिनीने दुसऱ्याच कोणा आजीचे छायाचित्र एका प्रोग्रॅममध्ये घातले आणि माझ्यासमोर क्षणात तसेच चित्र काढून दाखवले. तिची स्वतःची सोळा ओळींची बसलेली गाय मी उत्तेजनार्थ बक्षिसातही धरली नव्हती. खरे अक्षरचित्र कोणते, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला.

गणेशोत्सवात तुमच्या नावातून गणपती काढून देणारे कलाकार आपण पाहतो. तिथे अक्षर वाकते. ‘र’ची सोंड होते, वेलांटीचा कान होतो. संगणकाच्या पडद्यावर ही मुभा नाही. अॅस्की ही संकेतप्रणाली १९६३ साली आली, इंग्रजीची लहान अक्षरे तिला १९६७ साली मिळाली. तिच्या १२८ संकेतांपैकी छापता येणारी चिन्हे फक्त ९५, तीही मोकळी जागा धरून. प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकटीत बसणार, आणि ही चौकट रुंदीच्या साधारण दुप्पट उंच. म्हणून जितक्या ओळी तितकेच रकाने घेतले तर वर्तुळाचे उभे अंडे होते.

टाइपरायटरवर काम करणाऱ्यांना थोडी सवलत होती. फ्लोरा स्टेसी यांनी १८९८ साली टंकलिखित फुलपाखरू केले, तेव्हा त्यांनी कागद यंत्रात निरनिराळ्या दिशांनी फिरवून घातला होता. मुंबईत बँकेत नोकरी करून टाइपरायटरवर व्यक्तिचित्रे काढणाऱ्या चंद्रकांत भिडे यांचे काम अनेकांना ठाऊक असेल. यंत्रात एका अक्षरावर दुसरे ठोकता येते, कागद अर्धी ओळ सरकवता येतो. पडद्यावर यातले काहीच नाही.

गायीच्या पाठीचा हलका उतार घ्या. तिरकी रेघ फारच उभी पडते, आडवी संयोगरेघ सपाट. जाणकार अशा वेळी चिन्हांची उंची वापरतात. अधोरेखा चौकटीच्या तळाशी असते, ठिपका तिच्या किंचित वर, संयोगरेघ मध्यावर, एकेरी अवतरणचिन्ह माथ्याशी. ही चार ओळीने मांडली की डोळा त्यांतून एक चढती रेघ ओढतो. इथे स्वल्पविराम म्हणजे विराम नव्हे, खाली वळलेले टोक. चिन्हाचा अर्थ बाजूला पडतो आणि आकार कामाला लागतो.

प्रोग्रॅम यातले काही करत नाही. तो छायाचित्राचे चौकोन पाडतो, प्रत्येकाचा उजेड मोजतो आणि गडद जागी शाईने भरलेले चिन्ह, उजळ जागी ठिपका ठेवतो. मी एक साधी कसोटी करून पाहिली: दोन्ही चित्रांतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी तेवढ्याच करड्या रंगाचा चौकोन ठेवला. म्हातारी जशीच्या तशी राहिली. खरे तर जरा सुधारलीच. गाय नाहीशी झाली.

कसोटी सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत २५६ चिन्हांचा संच होता आणि त्यात पूर्ण, अर्धे, विरळ असे ठोकळेच होते. नव्वदच्या दशकात ८० रकान्यांच्या पडद्यावर या ठोकळ्यांनी रंगीत चित्रे काढणाऱ्यांचे गट अमेरिकेत उभे राहिले. एसिड हा गट १९९० चा. माझी कसोटी लावली तर त्यांचे निम्मे काम बाद होईल, कारण ठोकळा म्हणजे चौकोनच. पण एका चौकटीत दोनच रंग बसतात, एक चिन्हाचा आणि एक मागचा. आणि कोणते दोन, हे ते चौकटीगणिक स्वतः ठरवत. कॉमिकमधला नायक हाताने उतरवणे त्यांना चालत असे. छायाचित्र यंत्रातून काढून आपले म्हणणे मात्र लाजिरवाणे मानले जाई. त्याहून वाईट गुन्हा एकच, दुसऱ्याची सही पुसणे. अॅस्कीतही सहीची हीच रीत: जोन स्टार्क यांच्या चित्रांच्या कोपऱ्यात ‘जेजीएस’ ही तीन आद्याक्षरे असतात.

दुसरी अडचण केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांची. बेल प्रयोगशाळेतल्या या दोघांनी १९६६ साली एका नर्तिकेचे नग्न छायाचित्र यंत्राने वाचून बारा फूट रुंदीच्या चिन्हचित्रात बदलले. ते ११ ऑक्टोबर १९६७ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापले गेले. पद्धत म्हातारीचीच, उजेड मोजण्याची. तरीही मी त्यांना बाद करणार नाही. त्यांची चिन्हे गणितातली आणि इलेक्ट्रॉनिकीतली आहेत, जवळून तीच वाचावी लागतात, लांबून देह दिसतो. हा झगडा त्यांनी जाणून रचला होता. त्या विद्यार्थ्याच्या म्हातारीत जवळून वाचण्यासारखे काहीच नव्हते, आणि ते मी वाकून पाहिलेही नव्हते.

देवनागरीत हे का फारसे झाले नाही, असे मला विचारतात. मात्रा अक्षराला चिकटतात, जोडाक्षरे कमीजास्त रुंद होतात, त्यामुळे चौकटींचा हिशेब टिकत नाही. शिवाय शिरोरेखा! ओळ कोणतीही असो, वर एक आडवा पट्टा येतोच. नदी किंवा नांगरलेले शेत सुरेख होईल, मांजर अवघड.

ती गाय मी नंतर मागवून घेतली. फोनवर उघडली तर पाय एकीकडे, शिंगे दुसरीकडे. तिथल्या फाँटात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. समान रुंदीच्या फाँटात छापल्यावर नीट बसली. शेपटीच्या टोकाशी तीन लहान अक्षरे होती. स्पर्धेत ती मला गोंडा वाटली होती. ती तिची आद्याक्षरे होती.