केसांवर चार घटकांचा रंग

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गोव्यातील एखाद्या गावच्या जत्रेतील नाटक असो की इंदूर-बडोद्याकडील मराठी मंडळाचा गणेशोत्सव असो, एक अडचण सर्वत्र सारखीच उभी राहते. आजोबांची भूमिका बारा वर्षांच्या मुलाकडे आलेली असते आणि त्याचे केस असतात काळेभोर. तोंडाला लावण्याची पावडर डोक्यावर भुरभुरली, तर पहिल्या अंकातच ती खांद्यांवर उतरते. तिसरी घंटा जवळ आलेली असते, आणि मग कोणीतरी केस रंगविण्याच्या बाटल्यांची गोष्ट काढतो. कधी याच्या उलटही घडते. मुलीला समूहनृत्यासाठी वेणीत निळ्या किंवा तांबड्या बटा हव्या असतात आणि त्या फक्त एका संध्याकाळपुरत्या. अशा वेळी बाटलीकडे न जाता खडूकडे जावे, हेच शहाणपणाचे आहे. असे का, हे समजण्यासाठी प्रथम केसाची रचना पाहिली पाहिजे.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू होय. त्याच्या बाहेरील आवरणावर सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक अशा रीतीने बसविलेले असतात. कौलांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. या छपराखाली केसाचा मुख्य गाभा असून, केसांना काळा किंवा तपकिरी रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य मुख्यत्वेकरून तेथेच असते. म्हणून केसांना रंग देण्याचे मार्ग दोन: छपरावर रंग फासणे, किंवा कौले उचलून घरात शिरणे.

कायमचे कलप दुसऱ्या मार्गाने जातात. त्यांतील अमोनियासारखे अल्कधर्मी द्रव्य पापुद्रे उचलते. मग लहान लहान बिनरंगी रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साईडच्या योगाने एकमेकांशी जोडले जातात आणि त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात. हे मोठे रेणू आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. अर्थात रंगविलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत काही महिने जावे लागतात. एका रात्रीच्या नाटकासाठी हा सौदा महागच म्हणावा लागेल.

परंतु खरा धोका निराळाच आहे. अनेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे द्रव्य असते. काही व्यक्तींच्या त्वचेला ते सोसत नाही. टाळूला खाज सुटते, फोड येतात, डोळे व चेहरा सुजतो. शरीराने एकदा या द्रव्याशी वैर धरले, की ते बहुधा जन्मभर टिकते. म्हणूनच युरोपीय संघात अशा कलपांच्या वेष्टनावर ते सोळा वर्षांखालील व्यक्तींसाठी नाहीत, अशी सूचना छापावी लागते. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांतही हेच द्रव्य आढळते. तेव्हा मेंदी म्हटली की निर्धास्त व्हावे, असे समजण्याचे कारण नाही.

छपरावर रंग फासण्याचा मार्ग मात्र जुना आहे. अठराव्या शतकात युरोपातील प्रतिष्ठित मंडळी केसांवर आणि टोपांवर पिठाची पांढरी पूड घालीत. १७९५ साली ब्रिटनमध्ये या पुडीवर वर्षाला एक गिनी कर बसला आणि ती चाल झपाट्याने ओसरली. आजचा केसांचा खडू हा त्याच पुडीचा सुटसुटीत अवतार आहे. त्याचे कण पापुद्र्यांच्या खाचांत आणि केसाकेसांमधल्या फटींत अडकून राहतात. आत शिरत नाहीत. जे आत शिरले नाही ते धुऊन निघते, एवढेच यातील रहस्य.

आता खडू काळ्या केसांवर उठून दिसतो कसा, ते पाहू. खडीसाखरेचा स्वच्छ खडा जवळजवळ पारदर्शक असतो. पण तीच कुटली की पांढरीशुभ्र दिसते. कारण कणाकणांमधील हवेमुळे प्रकाश ठायी ठायी परतविला जातो. खडूचेही तसेच आहे. ओल्या फळ्यावरील अक्षरे फिकी दिसतात आणि फळा वाळताच ती ठळक होतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. पाण्याने हवेची जागा घेतली, की खडूचा पांढरेपणा लोपतो. पाणी उडून गेले, की तो परत येतो. तेल मात्र उडून जात नाही. म्हणून तेल चोपडलेल्या केसांवर खडूचा रंग मळकट दिसतो. नाटकाच्या दिवशी सकाळी मुलाच्या डोक्यावर प्रेमाने तेल थापणाऱ्या आजीला एवढे आधीच सांगून ठेवावे.

यावरून कृती आपोआप ठरते. केस धुऊन कोरडे करावेत. खांद्यांवर जुने कापड पांघरावे. हातांत मोजे घालावेत आणि खिडकीजवळ किंवा ओसरीवर बसावे. खडूची धूळ नाकाडोळ्यांत जाऊ देऊ नये. रंगवावयाची बट बोटाएवढी वेगळी काढून पाण्याने किंचित ओलसर करावी. पाण्यामुळे कण केसांना धरून बसतात. मात्र पूर्वी रंग काढून फिकट केलेले केस ओले करू नयेत, कारण ते सच्छिद्र झालेले असतात आणि डाग लवकर धरतात. खडू वरून खाली, शेंड्याच्या दिशेने फिरवावा. उलट फिरविल्यास कौले उचकटतात आणि केस गुंततात. बट पूर्ण वाळू द्यावी, हलकेच झटकावी आणि शेवटी केस बसविण्याचा फवारा दुरून मारावा. असे फवारे बहुधा ज्वलनशील असतात. रंगमंचावर समई किंवा निरांजन असल्यास फवारा तेथून लांब मारून वाळू द्यावा.

खडू कोणता घ्यावा? केसांसाठी म्हणून मिळणारा घेतलेला बरा. फळ्यावरील खडू बहुधा जिप्समचा असतो; तो कठीण असून केसांवर नीट उतरत नाही. चित्रकाराचे मऊ पेस्टल उतरतात चांगले, पण त्यांतील काही रंगांत कॅडमियमसारख्या धातूंची संयुगे असतात आणि ते त्वचेसाठी बनविलेले नसतात. तेलकट पेस्टल तर केसांना नुसते लिडबिडून टाकतात. आजोबांच्या पांढऱ्या केसांसाठी रंगभूषेच्या पेटीतील सफेदा, म्हणजे झिंक ऑक्साईड, अधिक उपयोगी पडतो. खडूपेक्षा तो प्रकाश अधिक वाकवितो आणि म्हणून तेलात कालवला तरी पांढराच राहतो. पूर्वी शिशाचाही सफेदा मिळत असे; तो विषारी आहे. जुन्या पेटीतील नाव नसलेली पुडी वापरू नये.

प्रयोग संपल्यावर केस प्रथम कोरडेच विंचरावेत, म्हणजे बराचसा रंग झडतो. मग कोमट पाण्याने आणि शाम्पूने धुवावेत. गडद रंगाला दोन-तीन वेळा धुणे लागते. त्या रात्री उशीवर जुना अभ्रा घालावा. खडू केसांतील स्निग्धता शोषून घेतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते राठ लागतात. आजीच्या तेलाच्या वाटीची वेळ आता आली, असे समजावे.

नाटकातले म्हातारपण नाटकाबरोबरच संपले पाहिजे. रात्री काठी टेकीत टाळ्या घेणारे आजोबा सकाळी काळ्याभोर केसांनी शाळेच्या रांगेत उभे राहिले, म्हणजे रंग योग्य निवडला होता असे खुशाल म्हणावे.