निळा की जांभळा?

मुलांनो, नीलम तुम्ही ऐकून असाल. पण टांझानाइट ऐकलाय? हा निळा-जांभळा खडा आफ्रिकेतल्या टांझानिया देशात, किलिमांजारो पर्वताजवळच्या मेरेलानी टेकड्यांत सापडतो. दागिन्यांसाठीच्या खड्याची खाण जगात तेवढीच! १९६७ साली तो उजेडात आला, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांनी त्याला देशाचे नाव दिले.

गंमत अशी, की खाणीतून निघतो तेव्हा बहुतेक वेळा तो तपकिरी असतो. फिरवून पाहिला तर एकीकडून निळा, दुसरीकडून जांभळा, तिसरीकडून तांबूस! भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवला की तपकिरी छटा जाते. ही निळाई व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येते. आपल्या जयपूरचे कारागीरही याला पैलू पाडतात, बरं का.

खाणी मात्र खोल आणि धोक्याच्या. २००८ साली पुराचे पाणी शिरून तिथे कितीतरी कामगार बुडाले. २०२० साली सानिनिऊ लायझर यांना दोन प्रचंड खडे मिळाले, त्यांतला एक तर ९ किलोंहून जड! या पैशांतून गावात शाळा बांधीन, असे ते म्हणाले. मला बाई खड्यापेक्षा हेच जास्त आवडलं.

आईच्या अंगठीत हा खडा असेल तर कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. धुळीतले वाळूचे कण त्याच्याहून कठीण, ओरखडे उठतात. कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने हलकेच धुवा. आपटला किंवा एकदम गरम-गार झाला तर तो चिरतो. म्हणून भांडी घासताना अंगठी काढून ठेवलेली बरी.