लंडन किती लांब?

मुंबई ते लंडन अंतर किती? सामान्यज्ञानाच्या पुस्तकात उत्तर सापडते : सुमारे ७,२०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे. पण नेमके तेवढेच अंतर विमान क्वचितच कापते.

मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर या दोन शहरांवर पट्टी ठेवा. रेघ दक्षिण इराण, बगदाद, तुर्कस्तान अशी जाते. आता भूगोल विभागातील पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. (मी पाहिला आहे, सरांची परवानगी मात्र काढावी लागते!) दोरा उत्तरेकडे सरकतो आणि बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन अशा वाटेने लंडन गाठतो. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाटच खरी जवळची. सरळ दिसणारी रेघ तिच्याहून जवळजवळ दोनशे किलोमीटरांनी लांब पडते.

परंतु दोऱ्याच्या वाटेने जाऊ कोण देतो? फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध भडकताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. मुंबईचे विमान निदान अरबी समुद्रावरून निसटते. दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मग पश्चिमेला वळावे लागते. भांडण दोन सरकारांचे, इंधन मात्र प्रवाशाच्या पैशाने जळते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले होते. त्या काळी अडचण यंत्राच्या ताकदीची होती.

वेळेचे कोडे तर याहून मजेदार आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपणहून विमानाकडे येत असणार, असे आमच्या वर्गातील पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जायला साधारण दहा तास लागतात आणि यायला नऊ! कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. त्यामुळे फिरण्याचा फायदा कोणालाच मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ८० किलोमीटरचा वारा समोरून लागला तर वेग उरतो ८२०. तोच पाठीशी असला तर होतो ९८०. सात हजार किलोमीटरांच्या वाटेवर एवढ्याने जवळजवळ दीड तासाचा फरक पडतो.

माझी मावसबहीण डिसेंबरात लंडनला गेली, तेव्हा मावशीने तिकीट वाचून विचारले, "दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसहाला पोचते? मग साडेचार तासच की रे!" साडेसहा ही लंडनच्या घड्याळाची वेळ होती. हिवाळ्यात ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे मावशी झोपायची तयारी करील तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि विमान अजून आकाशातच असते. ते टेकते आपल्या बाराला. परतीच्या तिकिटावर नेमके उलटे : रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. दिसायला साडेचौदा तास, हवेत मात्र नऊच.