वेग एकच, ठेका निराळा

यंत्रमागावर आयुष्य घालविलेले, मूळचे धुळे जिल्ह्यातील आमचे एक डिंडोलीकर रुग्ण गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, ते छातीवर हात ठेवूनच. मिरवणुकीत चालताना त्यांच्या छातीतील आयसीडीने एकामागून एक तीन विद्युत्-झटके दिले होते. शुद्ध हरपली नव्हती. त्यामुळे प्रत्येक झटका पुरता जाणवला. "डॉक्टरसाहेब, हाई मशीन काढी टाका," एवढेच ते म्हणाले.

मिशेल मिरोव्स्की यांच्या ध्यासातून साकारलेले हे यंत्र १९८० मध्ये बाल्टिमोर येथे प्रथम मानवी शरीरात बसविले गेले. जवनिकांतून उठणारी घातक जलद लय ओळखून ती मोडणे, हे त्याचे काम. परंतु वेग कर्णिकांतील बिघाडानेही वाढतो आणि जिना चढल्यानेही. नुसते ठोके मोजून भागत नाही.

म्हणून यंत्र आणखी काही गोष्टी तपासते. वेग हळूहळू चढला की एकाएकी? श्रमाने वाढणारा वेग पायरीपायरीने चढतो, जवनिकांची लय बहुधा झेप घेते. दोन ठोक्यांतील अंतर सारखे आहे काय? जवनिकांची लय बहुधा मागाच्या खटखटीसारखी नियमित. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठेक्याला मेळच नसतो. लहरीचा आकार रुग्णाच्या नेहमीच्या, साठविलेल्या आकाराशी जुळतो काय? जुळला, तर आवेग बहुधा वरून नेहमीच्या वाटेने उतरत आहे. कर्णिकेतही तार असेल, तर वरचे व खालचे ठोके ताडून पाहता येतात. खाली अधिक व वर कमी निघाले, की निदान जवळजवळ निश्चित. आमच्या रुग्णाला मात्र एकच तार होती.

शिवाय फिब्रिलेशन फार वेगवान झाले, की त्यातील अनियमितपणा झाकला जातो. आणि ठराविक वेगापलीकडे यंत्र सहसा ही चौकशी करीतच नाही. तेथे विलंब प्राणघातक ठरेल. हे योग्यच आहे, असे मी मानतो.

यंत्राच्या नोंदीत एट्रियल फिब्रिलेशनच निघाले. उत्सवाच्या धांदलीत बीटा ब्लॉकरच्या गोळ्या राहून गेल्या होत्या. त्या चुकल्या तर यंत्र फसू शकते, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात उपचाराची वेगमर्यादा मिनिटाला २०० ठोक्यांवर नेल्याने अनावश्यक उपचार आणि मृत्यू दोन्ही घटले होते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मर्यादा वाढविली, रक्त गोठू न देणारे औषधही सुरू केले.

यंत्र काढले नाही. यंदाच्या मिरवणुकीत ते ढोलाजवळ उभे दिसले. मला पाहताच त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढून दाखविली.