दहा हजार ल्युमेनचा हिशेब

सूरतच्या महिधरपुऱ्यात किंवा वराछाच्या मिनी बाजारात हिऱ्याची पुडी वर लिहिलेलं वाचून कोणी घेत नाही. दहापट मोठं दाखवणारी लूप डोळ्याला लागते, खडा चिमट्यात फिरतो आणि मगच भावाची गोष्ट निघते. टॉर्चच्या दुकानात मात्र हेच शहर खोक्यावर विश्वास ठेवतं. ‘१०,००० ल्युमेन, ९,९०० एमएएच, झोत २ किलोमीटर, १० तास चालणार’ असं छापलेलं असतं, दुकानदार समोरच्या इमारतीवर झोत मारून दाखवतो आणि पाकीट बाहेर निघतं.

या गिऱ्हाइकांत आपली माणसंही पुष्कळ आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. गावी जाताना भुसावळच्या गाडीत त्यांच्या पिशवीत एखादा टॉर्च असतोच, कारण शेतीपंपाची थ्री फेज लाईट अनेकदा रात्रीच येते आणि बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी सोडायला, अंधारात बांधावरून फिरावं लागतं. खुद्द सूरतकरांनाही ऑगस्ट २००६ आठवतो. उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं, तापी शहरात शिरली आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांनी विजेशिवाय रात्री काढल्या. अशा वेळी पाच मिनिटं डोळे दिपवून नंतर मिणमिणणारा टॉर्च काय कामाचा?

म्हणून खोक्यावरचा आकडा आधी तपासायचा. त्याला शाळेतला गुणाकार पुरतो. बहुतेक चार्जिंगच्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. जगातल्या नामांकित कंपन्यांनाही या आकारात साधारण ३,५०० एमएएच क्षमतेच्या फार पुढे जाता आलेलं नाही. तेव्हा ‘९,९००’ छापलेला १८६५० सेल दिसला, की पुढचं काही वाचायची गरज नाही. २१७०० हा थोडा जाड सेल पाच हजारांच्या आसपास देतो.

आता ३,००० एमएएचचा प्रामाणिक सेल घेऊ. त्याला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की सुमारे ११ वॅट-तास होतात. चांगला एलईडी आणि त्यामागचं सर्किट मिळून एका वॅटला ढोबळमानाने १०० ल्युमेन उजेड देतात. म्हणजे सेलच्या पोटात एकूण शिल्लक ११०० ल्युमेन-तासांची. हजार ल्युमेन हवे असतील तर जेमतेम तासभर, तीनशे हवे असतील तर साडेतीन तास, शंभरात भागवलं तर अकरा तास. दहा हजार ल्युमेन दहा तास हवे असतील तर असे नव्वद सेल लागतील. त्यांचं वजन चार किलो भरेल. शिवाय घरातला ९ वॅटचा बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो, तेव्हा दहा हजार म्हणजे असे अकरा बल्ब एका मुठीत. मूठ भाजेल.

सेल बाहेर काढता येत असेल तर वजन करून पाहा. खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. सूरतच्या भाषेत सांगायचं तर सव्वादोनशे कॅरेटच्या वर, आणि बारीक वजनाचा काटा या शहरात गल्लोगल्ली आहे. सेल तीसच ग्रॅम भरला तर आत काय आहे ते त्यानेच सांगितलं. सेलवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघावं.

बरं, आकडा खरा असला तरी तो कोणत्या क्षणाचा, हा प्रश्न उरतोच. टॉर्च मोजण्यासाठी एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक २००९ पासून आहे आणि चांगले उत्पादक ते पाळतात. त्यात ल्युमेन मोजतात ते चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. ‘रनटाइम’ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे १००० ल्युमेन आणि ५ तास हे दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, पण टॉर्च तापला की सर्किट स्वतःच उजेड कमी करतं आणि त्या पाच तासांतले बहुतेक तास दोन-तीनशे ल्युमेनचे असतात. यात फसवणूक नाही, इतक्या लहान धातूच्या नळीला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. घरी पडताळायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे उभा करा, मोबाइलमध्ये लक्स मोजणारं ॲप घेऊन फोन एका जागी ठेवा आणि पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला, तासाने आकडा लिहून ठेवा. मोबाइलचा आकडा अचूक नसेल, पण उजेड किती टक्के घसरला ते बरोबर कळेल. माझ्या मते टॉर्चची खरी परीक्षा हीच. दुकानातला झोत ही जाहिरात झाली.

झोताचं अंतरही असंच. एफएल-१ प्रमाणे जिथे उजेड ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवर झोत पोहोचला असं धरतात. तिथे माणूस आहे हे कळेल, कोण आहे ते कळणार नाही. अंतर दुप्पट हवं तर झोताची तीव्रता चौपट लागते. मांडवी-मांगरोळकडे उसाच्या कडेने जाताना बिबट्याची धास्ती असते, तिथे लांब झोताला अर्थ आहे. बारे देणाऱ्याला मात्र साप पायाशी दिसायला हवा. त्याला पसरट उजेड हवा, दीडशे-दोनशे ल्युमेन पुरे, आणि फावडं धरायला दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून कपाळावर बांधायचा दिवाच उत्तम.

रंगाचं तर कोणी विचारतच नाही. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात लाल आणि राणी रंग मळकट दिसतात. कापड बाजारात रात्री गाठोडं उघडणाऱ्याने सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला टॉर्च घ्यावा, बाकीच्यांनी त्यावर जादा पैसे घालवू नयेत.

पावसाळ्यासाठी आयपी क्रमांक, म्हणजे पाण्यापासून संरक्षणाची पातळी, पाहा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरता. आयपी६७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकावा, अर्थात चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसलेलं असेल तरच. टाइप-सी असलं म्हणून निश्चिंत होऊ नका. काही स्वस्त टॉर्च दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, त्यांना जुनी चपटी यूएसबी केबलच लागते. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायचे मोठे टॉर्च बहुधा लेड-ॲसिड बॅटरीचे असतात. ते उतरलेल्या अवस्थेत कपाटात पडून राहिले, की पुढच्या पावसाळ्यात चार्ज धरत नाहीत. असा टॉर्च असेल तर महिन्याकाठी एकदा चार्ज कराच. लिथियमवाल्याला तीन महिन्यांनी पाहिलं तरी चालतं, मात्र फुगलेला सेल लगेच बाद करायचा.

गावी पाठवायला घ्यायचा असेल तर २१७०० सेलचा, सेल बदलता येणारा, मधल्या पातळीवर दोन-तीनशे ल्युमेन सलग सहा-सात तरी तास देणारा टॉर्च घ्या. खोक्यावर १००० ल्युमेन लिहिलेलं असेल तर बिचकू नका, ते बहुधा खरं असेल. पैसे देण्यापूर्वी पक्कं बिल मागा आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या.