बेथ-एल : हिब्रू ईश्वरनामांचे अर्थ व आपल्या कागदपत्रांतील त्यांच्या खुणा

पनवेल शहरांत बेने इस्राएल लोकांचें इ. स. १८४९ सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. त्याचें नांव 'बेथ-एल'. आमचें राहणें करंजाडें येथें, म्हणजे पनवेलीच्या अगदीं शेजारीं. तेव्हां हें नांव आमच्या कानांवरून शेंकडों वेळां गेलें असेल. तथापि त्याचा अर्थ विचारण्याची बुद्धि आम्हांस फार उशिरां झाली, आणि तीहि एका नुकसानीमुळें झाली. तें नुकसान आमच्याच हातून घडलें असल्यामुळें प्रथम सांगून टाकतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका रद्दीवाल्याकडून जुन्या कागदांचा गठ्ठा आम्हीं घेतला. त्यांत मोडी हिशेब, दोन-तीन पोथ्यांचीं सुटीं पानें आणि हिब्रू लिपींत लिहिलेलें एक पान होतें. त्या पानाच्या समासांत बाळबोध अक्षरांत कांहीं मराठी शब्द होते. हिब्रू ओळींत मधून मधून स्वल्पविरामासारखीं दोन बारीक चिन्हें जोडीनें आलेलीं दिसत. संस्कृत पोथ्यांतील दोन दंडांची डोळ्यांस संवय असल्यामुळें आम्ही तीं विरामचिन्हें समजलों, पान त्रुटित व निरुपयोगी ठरविलें, आणि एका पोथीच्या बांधणींत पुठ्ठ्यास आधार म्हणून चिकटविण्यास देऊन टाकलें. पुढें समासांतील मराठी शब्दांची आमची नक्कल एका वृद्ध इस्राएली गृहस्थांस दाखविली व त्या चिन्हांचें वर्णन केलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग इतकेंच म्हणाले, “मास्तर, तीं टिंबें नव्हेत. तें नांव आहे.” पुठ्ठा सोडविण्याचा यत्न केला तेव्हां खळीनें घट्ट बसलेल्या पानाचे तुकडे झाले. तीं दोन चिन्हें म्हणजे 'योद' हें अक्षर दोनदां लिहून केलेला ईश्वरनामाचा संक्षेप होता. असे कागद ज्या संग्राहकांच्या हातीं येतात त्यांच्याकडून असा प्रमाद होऊं नये, एवढ्याच हेतूनें पुढील विवेचन करीत आहों.

प्रथम लिपीविषयीं दोन शब्द. हिब्रू वर्णमालेंत बावीस अक्षरें असून तीं सर्व व्यंजनें आहेत. लेखन उजवीकडून डावीकडे चालतें. स्वर दाखविण्याचीं टिंबें व रेघा मागाहून, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धांत, तेथील पाठरक्षक पंडितांनीं बसविल्या. आणि धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळीवर त्या आजहि लिहीत नाहींत. मोडी वाचणारास यांत नवल वाटूं नये. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखक दाखवीत नाहीं, तो वाचकानें जाणावयाचा असतो. हिब्रू वाचकास सर्वच स्वर तसे जाणावे लागतात, इतकाच फरक.

आतां 'एल'. हें ईश्वरवाचक नांवांत अत्यंत जुनें व सर्व सेमिटिक भाषांस साधारण असें पद आहे. 'सामर्थ्य' हा त्याचा मूळ अर्थ असावा असें पुष्कळ पंडित मानतात. 'बेथ' म्हणजे घर. तेव्हां 'बेथ-एल' म्हणजे 'देवाचें घर', आपल्या भाषेंत देऊळच. या नांवाची कथा बायबलाच्या उत्पत्ति नामक पुस्तकाच्या २८ व्या अध्यायांत आहे. याकोब घर सोडून जात असतां वाटेंत उघड्यावर एक धोंडा उशास घेऊन निजला. स्वप्नांत त्यास पृथ्वीवरून आकाशास लागलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर भयचकित होऊन, हें स्थान देवाचें घर व स्वर्गाचें द्वार आहे असें तो म्हणाला, आणि तो धोंडा उभा करून त्यावर तेल ओतून त्यानें त्या स्थळाचें नांव बेथ-एल ठेविलें. या एका अध्यायाचा आमच्या प्रांतांतील विस्तार पाहण्यासारखा आहे. पनवेल व रेवदंडा येथील मंदिरें 'बेथ-एल' होत. पेणचें 'बेथ हा-एलोहीम'. आणि ठाण्यास १८७९ सालीं झालेल्या मंदिराचें नांव 'शाअर हा-शामाइम', म्हणजे स्वर्गाचें द्वार. याकोबाच्या उद्गारांतील दोन्ही पदें अशा रीतीनें ठाण्यापासून रेवदंड्यापर्यंत दगडचुन्यांत उतरलीं आहेत.

पेणच्या नांवांतील 'एलोहीम' हें रूप वैयाकरणांच्या विशेष आवडीचें आहे. त्याचा प्रत्यय अनेकवचनाचा. तथापि इस्राएलाच्या एका देवाविषयीं तें योजिलें असतां क्रियापद प्रायः एकवचनी येतें. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यांत 'बारा', म्हणजे निर्माण केलें, हें एकवचनी क्रियापद आहे. परकीय लोकांचे अनेक देव अभिप्रेत असले म्हणजे हेंच नाम खऱ्या अनेकवचनांत वापरलें जातें. आपल्या आदरार्थी बहुवचनाशीं याचें साम्य दिसतें, पण तें पुरें नाहीं. आपण 'महाराज आले' म्हणतों, तेथें क्रियापदहि बहुवचनी होतें. हिब्रूंत नाम भव्य झालें तरी क्रियापद देवाच्या एकत्वाची साक्ष देत एकवचनींच राहतें.

यापुढील नांव सर्वांत श्रेष्ठ होय. तें चार अक्षरांचें: योद, हे, वाव, हे. 'असणें, होणें' या अर्थाच्या धातूशीं त्याचा संबंध आहे. निर्गम नामक पुस्तकांत मोशे देवास नांव विचारतो तेव्हां त्यास त्याच धातूचें प्रथमपुरुषी रूप उत्तरादाखल मिळतें. तें रूप 'मी आहें' व 'मी होईन' अशा दोन्ही अर्थांनीं लागतें. संस्कृत पढलेल्यास येथें 'अस्' धातूपासून झालेल्या 'सत्' या शब्दाची आठवण होईल, आणि अर्थापुरती ती अनुचित नाहीं.

परंतु ध्वनिसाम्यावरून याहून पुढें जाणें धोक्याचें आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१७ सालच्या भांडारकर-स्मारकग्रंथांतील आपल्या निबंधांत या नांवाचा ऋग्वेदांतील 'यह्व' या शब्दाशीं संबंध जोडला होता. लोकमान्यांच्या बुद्धिमत्तेविषयीं आमचा आदर तिळमात्र कमी नसतांहि हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. यह्व शब्द वेदांत अग्नीसारख्या देवतांचें विशेषण म्हणून येतो व 'वेगवान्, थोर' या अर्थानें तेथें सुखानें लागतो. हिब्रू नामास त्याच भाषेंतला धातु उपलब्ध आहे. दोन्ही शब्द आपापल्या घरीं लागत असतां त्यांची सोयरीक जुळविण्याचें कारण राहत नाहीं. सर्व नामें धातूंपासून झालीं असें शाकटायन म्हणे, तरी त्यावर गार्ग्याचे आक्षेप यास्कानें नोंदून ठेविलेच आहेत. आमच्या मतें परभाषेच्या नामाविषयीं तरी गार्ग्याचा सावधपणाच बरा.

हें चतुरक्षरी नाम उच्चारावयाचें नाहीं. यरुशलेमचें मंदिर उभें होतें तोंवर प्रायश्चित्ताच्या दिवशीं मुख्य याजक तें उच्चारीत असे, इ. स. ७० सालीं रोमन लोकांनीं मंदिराचा विध्वंस केल्यावर तोहि प्रघात संपला. वाचक तें नाम डोळ्यांनीं पाहतो आणि मुखानें 'अदोनाय' म्हणतो. 'अदोन' म्हणजे धनी. 'अदोनाय' म्हणजे 'माझे धनी', आणि येथें बहुवचन आदराचें आहे. प्रार्थनेबाहेर तर 'हा-शेम', म्हणजे नुसतें 'तें नांव', एवढ्यावरच भागवितात. आमच्या गृहस्थांच्या तोंडचे शब्द येथें पुन्हा आठवतात. ज्यांच्या घरीं आजी-पणजीनें पतीचें नांव आयुष्यांत कधीं घेतलें नाहीं, त्या मराठी वाचकांस ही मर्यादा समजावून सांगण्याची गरज नाहीं. न उच्चारलेलें नांव विसरलेलें नसतें.

'यहोवा' हें रूप याच रूढीच्या गैरसमजांतून निघालें. येथें 'अदोनाय' वाचावें अशी सूचना म्हणून त्या चार व्यंजनांखालीं अदोनायचे स्वर मांडीत. यूरोपांतील वाचकांनीं एकाचीं व्यंजनें व दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले, आणि जें नांव कोणत्याहि यहुदी माणसानें कधीं उच्चारलें नव्हतें तें रूढ झालें. मूळ उच्चार 'याहवे' असा असावा असा विद्वानांचा तर्क आहे. मराठी बायबलाच्या प्रचलित भाषांतरांत या ठिकाणीं 'परमेश्वर' हें पद येतें. याच नामाचें आंखूड रूप 'याह' होय; 'हालेलुयाह' या शब्दाच्या शेवटीं तें आहे.

उरलेल्यांपैकीं प्रमुख पदें थोडक्यांत सांगतों. 'एल-एल्योन' म्हणजे परात्पर देव. 'सबाओथ' म्हणजे सेना, यावरून मराठी भाषांतरांतील 'सेनाधीश'. 'शद्दाय' याचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे: कोणी तो 'पर्वत' या अर्थाच्या अक्कादी शब्दावरून लावतात, कोणी 'स्तन' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून पोषणकर्ता असा करतात, तर जुने यहुदी टीकाकार 'जो पुरेसा आहे तो' असा विग्रह करीत. मराठी भाषांतरकारांनीं 'सर्वसमर्थ' हें पद पत्करलें. 'रहामीम' म्हणजे दया. तो शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, याच्याशीं सजातीय आहे, तेव्हां ही दया आईची समजावी. मुंबईंत समाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलेल्या मंदिराचें नांव 'शाअर हा-रहामीम', दयेचें द्वार, हें आहे.

नांव कोणतें आणि नुसतें विशेषण कोणतें, हें ठरविण्याची यहुदी शास्त्राची कसोटी मोठी व्यवहारी आहे: जें एकदां लिहिल्यावर खोडतां येत नाहीं तें नांव. अशीं सात नांवें मानण्याची वहिवाट आहे, जरी याद्यांत थोडा भेद आढळतो. चतुरक्षरी नाम, एल, एलोहीम, शद्दाय व सबाओथ हीं त्या वर्गांतलीं; 'दयाळू', 'थोर' इत्यादि विशेषणें खोडतां येतात. म्हणूनच ज्या कागदावर नांव आहे तो जाळीत वा फेंकीत नाहींत, एकांतांत ठेवतात किंवा पुरतात. अशा ठेवीस 'गेनिझा' म्हणतात. कैरोच्या जुन्या मंदिरांतील गेनिझांतून निघालेले सुमारें दोन लाख तुकडे आज एकट्या केंब्रिजमध्यें आहेत; बाराव्या शतकांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशीं व्यापार करणाऱ्या यहुदी सावकारांचीं पत्रें तींतूनच हातीं आलीं. नांवाच्या आदरानें इतिहास राखला, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आमच्या दप्तरांकडे वळूं. कुलाबा जिल्ह्यांतील हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रूचें ज्ञान लोपलें तरी 'शेमा' हें एक वाक्य त्यांनीं प्रत्येक विधींत जतन केलें, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या सहा शब्दांच्या वाक्यांत चतुरक्षरी नाम दोनदां व 'एलोहीम'चें एक रूप एकदां येतें. म्हणजे सर्व विसरल्यावरहि ईश्वरनाम उरलें. मनुष्यनामांत मात्र उलट घडलें. वर सांगितलेल्या समाजी हसाजी यांचीं मूळ नांवें शमुएल यहेज्केल. दोहोंच्या शेवटीं 'एल' आहे. दुसऱ्याचा अर्थ 'देव बळ देतो' असा. मराठी तोंडीं तो 'एल' गळाला आणि त्याच्या जागीं आपला आदराचा 'जी' आला. मोडी कागदांत समाजी, हसाजी अशीं नांवें दिवेकर, राजपूरकर, किहीमकर अशा ग्रामनामांसह आढळलीं तर तो कागद इस्राएली घरचा आहे काय, हें अवश्य तपासावें.

एकोणिसाव्या शतकांत हें ज्ञान मराठीच्याच द्वारें परत आलें. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. वल्हांडण सणाचा 'हागादा' मराठी भाषांतरासह मुंबईस १८४६ सालीं व पुण्यास १८७४ सालीं छापला गेला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. पंडिता रमाबाईंनीं तर मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविलें. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. मागें राहिलेल्या पेट्यांतील वह्या व प्रार्थनापुस्तकें वाण्याच्या दुकानीं किंवा रद्दींत जातात, आणि मग आमच्यासारख्यांच्या हातीं येतात.

म्हणून संग्राहकांस चार सूचना करतों. (१) हिब्रू ओळींत दोन योद जोडीनें, किंवा 'हे' अक्षरापुढें तिरपी रेघ दिसल्यास तें ईश्वरनाम समजावें. (२) बाळबोध लेखांत अदोनाय, हाशेम, शद्दाय, एलोहीम हे शब्द आढळल्यास सूचींत ते जसेच्या तसे नोंदावे. 'अपरिचित शब्द' असा शेरा मारूं नये. (३) कबरीवरील वा पुस्तकांतील वर्ष वाचतांना ध्यानांत ठेवावें कीं, अक्षरांनीं १५ लिहितांना १० व ५ यांचीं अक्षरें जोडीत नाहींत, कारण त्यांतून 'याह' हें नाम होतें. त्याऐवजीं ९ व ६ यांचीं लिहितात. १६ साठींहि तसेंच ९ व ७. उदाहरणार्थ ५६१५ हें वर्ष. त्यांतून ३७६० वजा करून इ. स. १८५५ येतो, आणि यहुदी वर्ष शरद् ऋतूंत सुरू होत असल्यामुळें त्याचा आरंभ १८५४ त पडतो. (४) नांव असलेला कागद कितीहि फाटका असला तरी चिकटविण्यास, कापण्यास वा आधारास वापरूं नये. ठेवणें शक्य नसेल तर जवळच्या इस्राएली मंदिराच्या व्यवस्थापकांकडे पोंचवावा.

आमच्या पानाचे तुकडे आम्हीं एका लखोट्यांत घालून त्या वृद्ध गृहस्थांच्या स्वाधीन केले. त्यांनीं ते दोन्ही हातांनीं घेतले. पुढें त्यांचें काय केलें हें आम्हीं विचारलें नाहीं. तसें विचारण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता.